इंजिन पाठीला चिकटलेलं की पार शेपटात? केमन आणि ९११ दोन्ही चालवून झाल्यावर

पहिलं एक क्लिअर करतो, कारण निम्मी भांडणं इथेच होतात. पोर्शेची केमन घ्या नाहीतर ९११ घ्या, इंजिन दोन्हीत तुमच्या पाठीमागेच असतं. प्रश्न फक्त एवढाच की ते मागच्या एक्सलच्या (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आसाच्या) अलीकडे आहे की पलीकडे. केमनमध्ये (बॉक्स्टर पण तीच, फक्त छप्पर उघडतं) इंजिन सीट आणि मागची चाकं यांच्या मधल्या जागेत बसवलंय आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे. ९११ मध्ये नेमकं उलटं, गिअरबॉक्स पुढे आणि अख्खं इंजिन मागच्या चाकांच्या पलीकडे, जवळजवळ बंपरात लटकल्यासारखं. कंपनी तीच, आडवे झोपलेले सहा सिलिंडर तेच, पण तो एक धूड तुकडा थोडा पुढेमागे सरकवला की गाडीचा स्वभाव पार बदलतो.

मी ज्या दोन चालवल्या त्या म्हणजे ७१८ पिढीतली केमन जीटीएस ४.० आणि ९११ च्या ९९२ पिढीतली सुरुवातीची कॅरेरा एस, दोन्ही मॅन्युअल. केमनला ४ लिटरचं टर्बो नसलेलं इंजिन, ४०० पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), ६ गिअर. कॅरेरा एसला ३ लिटर, दोन टर्बो, ४५० पीएस, ७ गिअर. रस्त्यावर चालवल्या, ट्रॅकवर चालवल्या, पावसातही चालवल्या. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी मत आधीच सांगून टाकतो, वळणात शिरायची मजा मिड इंजिनला (म्हणजे केमनला) आणि वळणातून बाहेर पडायची मजा रिअर इंजिनला (म्हणजे ९११ ला). कुठली घ्यायची हे पण यातूनच ठरतं, पण त्यासाठी थोडं वाचावं लागेल.

थोडं फिजिक्स, घाबरू नका. पाण्याने भरलेली बादली छातीशी कवटाळून गर्रकन वळून बघा, मग तीच बादली हात लांब करून धरा आणि वळा. पहिल्या वेळी पटकन वळता आणि पाहिजे तिथे पटकन थांबता. दुसऱ्या वेळी वळायलाच जोर लागतो आणि एकदा का फिरायला लागलात की मग तुम्ही बादलीला फिरवताय की बादली तुम्हाला हेच कळत नाही. केमनने वजन छातीशी धरलंय, ९११ ने हात लांब केलाय. केमनचं साधारण ५५ टक्के वजन मागच्या चाकांवर, ९११ चं ६० च्या वर. यात गंमत म्हणजे लोकांना वाटतं ९११ मोठी गाडी म्हणजे दोन चाकांमधलं अंतरही जास्त असणार, पण केमनचा व्हीलबेस २४७५ मिमी आहे आणि ९११ चा २४५०. तरी ९११ लांबीला दहा सेंटिमीटरहून जास्त मोठी, आणि ती जास्तीची लांबी गेली कुठे तर मागच्या चाकांच्या मागे, जिथे इंजिन आहे.

आता प्रत्यक्ष एक वळण घेऊ. समजा तिसऱ्या गिअरमध्ये येताय, ब्रेक मारून दुसरा टाकायचाय आणि वळण आत जाता जाता आवळत जातं.

केमनमध्ये ब्रेक मारला, गिअर खाली आणला, ब्रेक हळूहळू सोडत स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच आत जातं, जराही विचार करत नाही. आणि फिरण्याचा मध्य अगदी तुमच्या कंबरेखाली असतो, म्हणजे पुढचा भाग आधी वळला आणि मागचा मग आला असं होतच नाही, अख्खी गाडी एकदम वळते. वळण वाटलं त्यापेक्षा जास्त आवळलं तर आणखी थोडं स्टिअरिंग, किंवा अॅक्सेलरेटरवरून पाय किंचित उचला, लाइन आवळते आणि पुढे चालू. इतकं सरळ आहे की दोनचार वळणांत तुम्हाला वाटायला लागतं आपण फार भारी ड्रायव्हर आहोत. मग अॅपेक्स (वळणाचा सगळ्यात आतला बिंदू) येतो, अॅक्सेलरेटर दाबता, आणि इथे जरा थांबावं लागतं. टर्बो नाही म्हणून जोर वरच्या आरपीएमला येतो, आणि कंपनीने दुसरा गिअर इतका लांब दिलाय की त्यातच गाडी शंभरच्या बऱ्याच पुढे जाते, त्यामुळे हळू वळणातून निघताना इंजिन निम्म्या आरपीएमवर रेंगाळत असतं. ७८०० पर्यंत गेलं की आवाज असा येतो की सगळं माफ, पण तिथपर्यंत पोचायला सरळ रस्ता पाहिजे.

आता तेच वळण ९११ मध्ये. ब्रेक मारल्यावर पहिलं आश्चर्य, कारण मागून गाडी उचलली जात नाही, चारी चाकांवर बसून थांबते. वजन मागे असल्यामुळे कडक ब्रेकमध्ये पण मागच्या टायरना काम उरतं, त्यामुळे ब्रेकिंगच्या बाबतीत ९११ ला तोड नाही असं माझं स्पष्ट मत. पण मग ब्रेक पूर्ण सोडून स्टिअरिंग वळवलंत तर नाक बाहेर जातं, पुढचे टायर कुरकुरतात, कारण पुढे वजनच नाहीये. म्हणून ब्रेकवर थोडा पाय ठेवूनच वळायला सुरुवात करायची, नाक दाबून धरायचं, वळणाच्या मधे जरा धीर धरायचा, हावरटपणा करायचा नाही. आणि मग अॅपेक्सला पाय दाबला की गाडी मागे बसते, ते ३०५ रुंदीचे टायर (केमनला २६५ आहेत) रस्ता पकडतात आणि सगळं वजन, सगळा टर्बोचा जोर आणि सगळी पकड एकाच जागी असते. केमनमध्ये ज्या जागेवर मी अजून वाट बघत असतो तिथे ९११ मध्ये पाय निम्म्याच्या वर दाबलेला असतो. जास्त लवकर दाबलात तर स्टिअरिंग हलकं पडतं आणि नाक परत बाहेर, ती तिची सूचना असते, ऐकायची.

म्हणजे केमन तुमची चूक पोटात घालते आणि ९११ तुम्हाला क्रम पाळायला लावते, ब्रेक, वळण, धीर, मग जोर. कुणाला ही कटकट वाटते, मला यातच मजा येते, ज्याची त्याची आवड.

आणि आता मुद्द्याचं, जे मला कुठल्याच तुलनेत नीट वाचायला मिळत नाही. सगळे म्हणतात मिड इंजिन म्हणजे बॅलन्स, बॅलन्स म्हणजे हँडलिंग, विषय संपला. अरे पण चालवणार कुठे? साध्या रस्त्यावर पुढचं वळण दिसत नसतं, तिकडून ट्रक येतोय का, वळणावर खडी पडलीये का, काही कळत नाही, तिथे ब्रेक दाबत दाबत आत शिरायची हिंमत शहाणा माणूस करणार नाही आणि करूही नये. रस्त्यावर आपण सगळेच आत शिरताना राखून शिरतो. पण एकदा वळण संपायला लागलं, पुढचा रस्ता मोकळा दिसला की मग पाय दाबायला काही हरकत नसते. म्हणजे रस्त्यावर सुरक्षितपणे मिळणारी मजा ही बाहेर पडायची मजा आहे, आणि ती ९११ कडे जास्त आहे. केमनची खरी मजा, ती आत शिरतानाची, तिच्या जवळ जायचं तर प्रत्येक वळण पाठ असावं लागतं, म्हणजे ट्रॅक. ट्रॅकवर मला केमन जास्त आवडली, अगदी निर्विवाद. रस्त्यावर ९११. हे लोकांच्या समजुतीच्या बरोबर उलट आहे याची कल्पना आहे मला.

एक सूट केमनला द्यायला पाहिजे, की साध्या गोल चौकात ४० च्या स्पीडला सुद्धा तिच्या वळण्यात एक ताजेपणा आहे जो ९११ मध्ये त्या स्पीडला जाणवत नाही. वजनही कमी आहे, १४०५ किलो विरुद्ध १४८०, आणि अंगाने जरा अरुंद असल्यामुळे लेनमध्ये दोन्ही बाजूला जागा उरते.

बरं, भीतीचं काय. ९११ मागून फिरते, झाडावर जाते वगैरे गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात आणि त्या हवेतून आलेल्या नाहीत. सुरुवातीच्या ९११ खरंच चंचल होत्या, म्हणून तर १९६९ च्या मॉडेलला कंपनीने मागची चाकं मागे सरकवून व्हीलबेस ५७ मिमीने वाढवला. मग १९७५ मध्ये ९३० टर्बो आली, २६० पीएस, टर्बो उशिरा जागा व्हायचा आणि जागा व्हायचा तो नेमका वळणाच्या मधे, वर घाबरून पाय उचलला की वजन पुढे जायचं, मागची पकड जायची आणि ती लांब धरलेली बादली आपलं काम करायची. वळणाच्या मधे पाय उचलू नका हा सल्ला तिथूनच सगळ्यांच्या डोक्यात बसला. आजच्या ९९२ मध्ये हे सगळं स्टॅबिलिटी कंट्रोल, रुंद टायर आणि चांगलं सस्पेन्शन मिळून इतकं झाकून टाकतात की रस्त्यावर तुम्हाला ते जाणवणार पण नाही. ट्रॅकवर सिस्टिम बंद करून मुद्दाम पाय उचलून बघितलात तर शेपूट फिरायची ती जुनी खोड आहे तिथे, फक्त आता ती आधी सांगून सवरून येते.

पण मिड इंजिन म्हणजे सुरक्षित हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज. मिडची पकड सुटते उशिरा, पण सुटली की पटापट सुटते, कारण जी गाडी पटकन वळते ती पटकन फिरते पण. टोयोटाची १९८९ ची दुसऱ्या पिढीतली एमआर२ (ती पण मिड इंजिन) आठवा, तिच्या शेपटीचं नाव इतकं खराब झालं की कंपनीला पुढे सस्पेन्शन आणि टायर बदलावे लागले. केमन तशी अजिबात नाहीये, तिच्यात भरपूर इशारे मिळतात, पण ओल्या रस्त्यावर झिजलेल्या मागच्या टायरवर कुठलीही मिड इंजिन गाडी घेऊन जाऊ नका एवढं सांगतो. पावसात मला ९११ जास्त भरवशाची वाटली, सुटताना जोर वाया जात नाही, आणि अजून भीती वाटत असेल तर कॅरेरा ४ आहे, चारी चाकांना ताकद. केमन-बॉक्स्टरला फोर व्हील ड्राइव्ह कधी मिळालीच नाही.

मग प्रश्न येतो की मिड इंजिन कागदावर इतकं चांगलं तर ९११ अजून तशीच का. खरं म्हणजे पोर्शेची पहिलीच गाडी, १९४८ ची ३५६ नंबर १, मिड इंजिनच होती. मग विकायला काढायच्या ३५६ मध्ये इंजिन मागे ढकललं, कारण सीटच्या मागे सामानाला, माणसांना जागा पाहिजे होती. १९६३ ला फ्रँकफर्टला जी ९०१ दाखवली (मधल्या शून्यावर पेजोने हरकत घेतली म्हणून ९११ झाली) तिने तोच हिशोब पुढे चालवला, पुढे दोन, मागे दोन जेमतेम. रेसिंगमध्ये मात्र जागेचं बंधन नाही, त्यामुळे तिथे कंपनीनेच शब्द फिरवला, १९९६ ची ९११ जीटी१ मिड इंजिन होती आणि २०१७ ची ९११ आरएसआर पण, कारण इंजिन पुढे सरकवलं की मागे खाली मोठा डिफ्यूझर (हवेच्या जोरावर गाडी रस्त्याला चिकटवणारा भाग) बसतो. तीच आरएसआर २०१८ ला ले मॉंच्या २४ तासांच्या रेसमध्ये आपला गट जिंकली. नाव ९११, इंजिन मात्र एक्सलच्या पुढे, चालायचंच. बाकीच्यांनी पण हाच रस्ता धरला. जुनी अल्पाइन ए११० रिअर इंजिन होती आणि १९७३ चं पहिलं वर्ल्ड रॅली अजिंक्यपद तिनेच अल्पाइनला मिळवून दिलं, पण २०१७ ला त्याच नावाची नवी काढली ती मिड इंजिन. कॉर्व्हेट १९५३ पासून पुढे इंजिन ठेवून चालली होती, ती पण २०२० ला मिड झाली. हट्टाने मागे राहिली ती ९११ एकटीच.

कंपनी केमनला मुद्दाम दाबून ठेवते, नाहीतर ती ९११ ला खाऊन टाकेल, हे वाक्य तुम्ही पण ऐकलं असेल. मला त्यात थोडं तथ्य वाटतं. केमनची सगळ्यात जहाल जीटी४ आरएस बघा, ९११ जीटी३ चं ९००० आरपीएमचं इंजिन केमनमध्ये घातलं, ५०० पीएस, आणि जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकच्या पूर्ण २०.८ किमीच्या फेरीत वेळ ७ मिनिटं ९.३ सेकंद. ९९२ जीटी३ चे ५१० पीएस आणि ६ मिनिटं ५९.९ सेकंद. दहाएक सेकंदांचा फरक इंजिनच्या जागेमुळे नाही पडत हो, जीटी३ ला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन (चाकाला वरून आणि खालून दोन हातांनी धरणारं) आहे, टायर जास्त रुंद आहेत, हवेच्या हिशोबाने केलेली बॉडीची रचना वेगळी आहे. केमनला तेच सगळं दिलं असतं तर काय झालं असतं याची चर्चा करत बसा रात्रभर.

रोजच्या वापरात तुलना लवकर संपते. ९११ ला मागे दोन सीट आहेत, मोठ्या माणसाला त्यात बसवणं म्हणजे शिक्षा, पण लहान मुलं बसतात, नाहीतर बॅगा टाका. केमनला मागे सीट नाही पण डिक्या दोन, पुढे खोल आणि मागे काचेखाली उथळ. मागची गरम होते, खाली इंजिन आहे, त्यामुळे वितळणारं काही ठेवू नका. दोघांनी चार दिवस बाहेर जायचं तर केमनमध्ये सामान जास्त सोयीचं बसतं, हे ऐकून लोक दचकतात पण खरं आहे. आवाज केमनमध्ये थेट कानामागे, पहिले दोन तास स्वर्ग, पाचव्या तासाला हायवेवर जरा जास्तच. ९११ मध्ये तो लांब मागे राहतो, शिवाय टर्बोने आणखी दबतो, म्हणून लांब प्रवासाला ती जास्त शांत. इंजिन बघायची हौस असेल तर दोन्हीकडे निराशा, ९११ चं झाकण उघडलं की पंखे दिसतात, आणि केमनमध्ये मागच्या डिकीत ऑइल आणि कूलंट भरायची दोन झाकणं.

सेकंडहँड बघत असाल तर, आणि केमनच्या बाबतीत आता तेच करावं लागेल कारण पेट्रोल ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं, काही गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या ९८६ पिढीच्या बॉक्स्टर आणि ९९६ पिढीच्या ९११ कॅरेरा यांचं इंजिन एकाच घरातलं, आणि त्यातली इंटरमीडिएट शाफ्टची (इंजिनाच्या आतल्या एका मधल्या दांड्याची) बेअरिंग कुप्रसिद्ध आहे, ती गेली तर अख्खं इंजिन घेऊन जाते. बदलल्याचा कागद मागा, तोंडी सांगितलेलं धरू नका. ९९६ टर्बो आणि जीटी३ ची इंजिनं वेगळी, त्यांना हा त्रास नाही, आणि २००९ च्या मॉडेलपासून केमन-कॅरेराच्या नव्या इंजिनांतून तो शाफ्टच गेला. ७१८ मध्ये २ आणि २.५ लिटरच्या चार सिलिंडर टर्बो पण मिळतील, कामाला त्या चोख आहेत, पण आवाज ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका, मला तरी तो सहन झाला नाही. कुठलीही असो, मागचे टायर आतल्या कडेला हात घालून बघा, बाहेरून नवे दिसतात आणि आतून कापड यायला झालेलं असतं. मालकाने पुढे एका कंपनीचे आणि मागे दुसऱ्याच कंपनीचे टायर घातले असतील तर ती टेस्ट ड्राइव्ह फुकट समजा, त्यावरून हँडलिंगबद्दल काहीच कळणार नाही.

पोर्शेच घ्यायची असं काही बंधन नसेल तर मिडमध्ये ती नवी अल्पाइन एकदा चालवाच. ११०० किलोच्या आसपास वजन, ताकद बेताची, आणि मी वर जे रडलो की मिडची मजा रस्त्यावर मिळत नाही, त्याला हिच्याकडे उत्तर आहे, कारण ती मऊ आहे, झुकते, कमी स्पीडला पण काय चाललंय ते सांगते. मॅन्युअल मात्र मिळत नाही. लोटस एमिराला मॅन्युअल मिळतो. रिअर इंजिनमध्ये पर्याय शोधायला जाऊ नका, स्पोर्ट्स कार म्हणून शोरूममध्ये नवी मिळेल अशी एकटी ९११ च.

मी स्वतः? ९११. माझं बहुतेक चालवणं रस्त्यावर होतं, पावसात होतं, आणि मागे कधीतरी कुणीतरी बसणार असतं. मन मात्र केमनच्या त्या ४ लिटरच्या इंजिनात अडकलंय हे कबूल. तुम्ही महिन्यातून एकदा तरी ट्रॅकवर जाणार असाल, घरात दुसरी गाडी असेल आणि मागच्या सीटचं काही पडलेलं नसेल तर डोळे झाकून केमन जीटीएस ४.० घ्या, तुमच्यासाठी तीच बरोबर आहे आणि माझं ऐकू नका. आणि टेस्ट ड्राइव्हला हायवे नका मागू, सरळ रस्त्यावर दोन्ही सारख्याच वाटतात. एखादा गोल चौक, एक आवळत जाणारं वळण आणि नंतर थोडी मोकळी चढण असा रस्ता मागा, जमलं तर दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकापाठोपाठ.